बकासुराची पाळी आणि दुर्वासांची लहर

लहरी माणसाविषयी मराठी समाजात दोन प्रकारची बोलणी चालतात आणि ती सहसा एकमेकांना भेटत नाहीत. पहिले बोलणे ओसरीवरचे असते. त्यात घटकेत हसणारा आणि घटकेत ताट भिरकावणारा माणूस तऱ्हेवाईक, सणकी किंवा वऱ्हाडी बोलीत 'बह्याड' ठरतो, त्याच्या गोष्टी चवीने सांगितल्या जातात आणि 'स्वभावाला औषध नाही' या वाक्याने विषय मिटतो. दुसरे बोलणे दवाखान्यातले असते. त्यात त्याच माणसाच्या वागण्याला मनोविकारशास्त्रातले नाव मिळते आणि एकदा नाव मिळाले की माणूस संपून केवळ रुग्ण उरतो, अशी धास्ती नातेवाइकांना वाटते. पुढील संवाद या दोन बोलण्यांना समोरासमोर बसवण्यासाठी रचला आहे. त्यातील दोन्ही व्यक्ती कल्पित आहेत : एक निवृत्त शिक्षक, जे गावात पुराण सांगतात आणि ज्यांना सगळे गुरुजी म्हणतात, दुसरी त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, जी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात समुपदेशक म्हणून काम करते.

स्थळ मात्र खरे आहे. नागपूर–वर्धा मार्गावरील, सेलू तालुक्यातील केळझर हे गाव टेकडीवरच्या सिद्धिविनायकामुळे विदर्भातील अष्टविनायकांमध्ये गणले जाते, आणि लोकपरंपरेनुसार महाभारतातील एकचक्रानगरी ती हीच, जिथे लाक्षागृहातून निसटलेले पांडव ब्राह्मणवेषात राहिले आणि भीमाने बकासुराला मारले. हाच मान खानदेशातील एरंडोल आणि बंगालमधील वीरभूम हेही आपल्याकडे ओढतात. त्या वादाचा निकाल येथे लावायचा नाही. विषयाला उपयोगी आहे ती या कथेतील कुंती, कारण आयुष्यात तिला दोन अगदी वेगळ्या जाचांशी गाठ पडली. एकचक्रेत तिने ठरल्या वेळी ठरलेली मागणी करणारा राक्षस पाहिला, आणि त्याच्या कितीतरी आधी, कुमारवयात, कोणत्या क्षणी काय मागेल याचा नेम नसलेला पाहुणा तिने सांभाळला होता.

गुरुजी : वनपर्वात त्या पाहुण्याचे वर्णन फार बारकाईने आले आहे. सकाळी येतो म्हणून सांगून जावे आणि संध्याकाळी किंवा ऐन मध्यरात्री उगवावे, आल्याबरोबर सहज न मिळणारे अन्न मागावे, ते पुढे येताच आणखी काही मागावे, आणि वर सेवेत खोट काढावी. कुंतिभोजाच्या घरी आलेला हा ब्राह्मण म्हणजे दुर्वास, असे आदिपर्वावरून कळते. कुंतीने वर्षभर कपाळाला आठी न घालता हे सोसले आणि तिला मंत्र मिळाला. यातून आपल्या वाडवडिलांनी एवढेच घेतले, की काही माणसांची घडणच अशी असते. चरकसंहितेच्या विमानस्थानात वातप्रकृतीच्या माणसाचे वर्णन आहे. तो कामाला झटकन लागतो, झटकन चिडतो, झटकन घाबरतो, त्याला ओढ झटकन वाटते आणि वीटही झटकन येतो. चरकाने त्याला प्रकृती म्हटले आहे, पोरी, रोग म्हटलेले नाही. आज प्रत्येक प्रकृतीला गोळी शोधणारे तुम्ही लोक चरकापेक्षा शहाणे झालात का?

समुपदेशक : गुरुजी, त्याच चरकाने उन्माद हा रोग वेगळा सांगितला आहे, म्हणजे प्रकृती आणि विकृती यांच्यात रेघ ओढायला तोही विसरला नव्हता; पण तो मुद्दा थोडा बाजूला ठेवू. कुंतीची गोष्ट तुम्ही अर्ध्यावर सोडली. ती राजाच्या घरी होती, हाताशी दासदासी होत्या, आणि ती सेवा वर्षभराने संपली. गावातली सून ही सेवा तीस वर्षे करते आणि तिला मंत्र कोणी देत नाही. शिवाय त्या मंत्राचे पुढे काय झाले? कुतूहलापोटी तो वापरून पाहिला गेला, कर्ण जन्मला, आणि पेटीत घालून नदीत सोडावा लागला. लहरीतून मिळालेले वरदानसुद्धा घेणाऱ्याला पेलेल असे नसते.

गुरुजी : मंत्राचा दोष दुर्वासांच्या माथी मारणे हे जरा जास्तच झाले.

समुपदेशक : मग दोष राहू द्या, तुलना घेऊ. बकासुराचा करार काय होता? गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन येणारा माणूस. प्रत्येक घराची पाळी बऱ्याच वर्षांनी येणार आणि ती कधी येणार हे ठाऊक असणार. हा करार भयंकर होता, तरी त्या नगरीत लोक शेती करत होते, भिक्षा वाढत होते, पोरे वाढवत होते. भीती एका दिवसात कोंडून ठेवता आली होती. रॉकफेलर विद्यापीठात जे वाइस या संशोधकाने १९७० च्या सुमारास उंदरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. दोन उंदरांना अगदी सारखेच विजेचे झटके बसत, पण एकाला प्रत्येक झटक्याआधी सूचना देणारा आवाज ऐकू येई आणि दुसऱ्याला झटके केव्हाही बसत. सूचना नसलेल्या उंदराच्या पोटात जखमा कितीतरी अधिक झाल्या. झटका तोच, इजा वेगळी. सूचना मिळणाऱ्याला आवाज नसतानाचा वेळ तरी निर्धास्तपणे काढता येतो, दुसऱ्याला असा वेळच उरत नाही. लहरी माणसाच्या घरात बायको आणि मुले याच दुसऱ्या उंदरासारखी जगतात. फाटकाची कडी कशी वाजली, चप्पल कुठे पडली, यावरून आजचा रंग ओळखण्यात त्यांची शक्ती संपते.

गुरुजी : म्हणजे दुर्वासांपेक्षा बकासुर बरा, असा तुझा सिद्धान्त?

समुपदेशक : बरा नाही, पण त्याच्यावर भीम पाठवता येतो. दिवस ठरलेला, जागा ठरलेली, मागणी ठरलेली. म्हणून कुंतीला बेत आखता आला. लहरी माणसाच्या बाबतीत भीम येऊन पोचेपर्यंत तोच माणूस हसतमुखाने 'या, बसा, चहा टाकायला सांगतो' म्हणत असतो, आणि ज्या बाईने निरोप धाडला तीच खोटी पडते.

या ठिकाणी गुरुजींच्या बाजूने एक गोष्ट मान्य करावी लागते. लहरी माणूस सदासर्वकाळ त्रासदायक असता तर घरच्यांनी त्याच्यापासून मन केव्हाच काढून घेतले असते; तसे होत नाही याचे कारण त्याच्या चांगल्या क्षणांत आहे, आणि ते क्षण खरे असतात. वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ स्किनर आणि त्याचा सहकारी फर्स्टर यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कबुतरांवरील प्रयोगांतून दाखवले, की दाणा दर वेळी मिळाला तर तो बंद होताच कबूतर कळ टोचणे लवकर सोडते, पण तो अनियमितपणे, कधी लगेच तर कधी फार उशिरा मिळाला तर ते दीर्घकाळ टोचत राहते. यालाच 'अनियमित प्रबलन', म्हणजे बक्षिसाचा नेम नसल्यामुळे अधिक घट्ट होणारी सवय, असे म्हणतात. ज्या बापाचे प्रेम महिन्यातून एकदाच, पण ओतून येते, त्याच्या मुलांना पुढे सरळ, एकसुरी माया अळणी वाटू शकते. याला प्रेम म्हणावे की व्यसन, हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटणारा नाही.

गुरुजी : तुझ्या उंदराकबुतरांतून जरा माणसाकडे ये. एकचक्रेच्या त्याच ब्राह्मणाच्या घरात पाळी आली तेव्हा काय झाले? नवरा म्हणे मी जातो, बायको म्हणे मी, मुलगी म्हणे मी. सगळे गळ्यात पडून रडत असताना बोबडे बोलणारे लहानगे पोर हातात गवताची काडी घेऊन म्हणाले, की या काडीने मी राक्षसाला मारतो, आणि त्या तसल्या आकांतात सगळ्यांना हसू फुटले. एका पळात रडू आणि हसू! तुझ्या वहीत या घराची नोंद कशी करशील?

समुपदेशक : धडधाकट म्हणून करावी लागेल. त्या घरातले प्रत्येक रडू आणि हसू कशामुळे आले हे परक्या माणसालाही दिसते. भीम आणि कुंती शेजारच्या खोलीत होते, त्यांनाही ते कळले. मनाचे रंग भराभर बदलणे हे दुखणे नव्हेच. कारण आणि भावना यांचे माप जुळत नाही, बदललेली स्थिती माणसाच्या ताब्याबाहेर जाते आणि तिच्यामुळे झोप, काम, पैसा, नाती यांची पडझड होऊ लागते, तेव्हा शंका घ्यावी. आणि घ्यावी ती शंकाच, निदान नव्हे.

गुरुजी : पण पोरे तर आता ऊठसूट एकमेकांना 'बायपोलर' म्हणतात.

समुपदेशक : आणि बहुतेक वेळा चुकतात. द्विध्रुवीय विकार म्हणजे मनाची दोन टोके, उन्माद आणि नैराश्य, आलटून पालटून येणारा आजार. पण ती टोके तासातासाला बदलत नाहीत. उन्मादाचे निदान करायला ती अवस्था साधारणपणे किमान आठवडाभर टिकलेली असावी लागते. त्याच्या सौम्य रूपाला, ज्याला अल्पोन्माद म्हणतात, त्यालाही किमान चार दिवस. या काळात माणूस दोन-तीन तास झोपूनही ताजातवाना असतो, जीभ थांबत नाही, एका बैठकीत बैलजोडी विकून ट्रॅक्टरचा सौदा करतो, आपल्यासारखा कोणी नाही असे त्याला मनापासून वाटते. नैराश्याचा पल्ला त्याहून लांब, आठवड्यांचा नि महिन्यांचा. 'जलद आवर्तन' अशी एक संज्ञा आहे, पण त्यातला 'जलद' म्हणजे वर्षात चार किंवा अधिक झटके. सकाळी गोड आणि दुपारी कडू, हे या आजाराचे नेहमीचे रूप नव्हे.

येथे गुरुजींना बाजी जिंकल्याचा आनंद होणे स्वाभाविक आहे, कारण समुपदेशकाच्या स्वतःच्याच शास्त्राने ओसरीवरच्या बऱ्याच लहरी मंडळींना द्विध्रुवीय विकारातून मुक्त केले. क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उन्माद आणि अवसाद यांना एका आजाराच्या दोन बाजू म्हणून एकत्र बांधले ते रुग्णांच्या आयुष्याचा वर्षानुवर्षांचा आलेख पाहून. एका दुपारच्या वागण्यावरून नव्हे. वर्तमानपत्री वापरात नेमका हा काळाचा घटकच गळून पडला आहे.

गुरुजी : मग जो सकाळी गोड आणि दुपारी कडू, तो माझ्या बाजूला आला. त्याला प्रकृती म्हण आणि सोडून दे.

समुपदेशक : इतक्या लवकर नाही. काहींचे मन दोन्ही टोकांना न पोचता वर्षानुवर्षे छोट्या लाटांवर वरखाली होत राहते. त्याला चक्रीय मनोदशा विकार म्हणतात. काहींना आपल्याला सोडून जातील या भीतीने ग्रासलेले असते. दुपारी ज्याला देव मानले त्याने संध्याकाळी फोन उचलला नाही की तो वैरी ठरतो, आणि त्या वेदनेत माणूस स्वतःलाच इजा करून घेतो. याला सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार असे नाव आहे, त्यातला बदल खरोखरच तासांत होतो, आणि मार्शा लिनहान या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्यासाठी विकसित केलेल्या उपचारपद्धतीत गोळीपेक्षा शिकवण्याला महत्त्व आहे : भावना चढू लागली की ती ओळखायची कशी, ती अंगावर घेऊन थांबायचे कसे. याशिवाय मन बिघडले असे वाटावे आणि मूळ शरीरात सापडावे, असेही पुष्कळदा घडते. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी जास्त काम करू लागली तर चिडचिड, धडधड आणि निद्रानाश होतो. मधुमेहाच्या रुग्णाची साखर उतरली तर शांत माणूस एकाएकी भांडू लागतो आणि गूळ-पाणी घेतल्यावर ओशाळतो. काही स्त्रियांना पाळीच्या आधीच्या आठवड्यात येणारे तीव्र औदासीन्य आणि संताप दर महिन्याला त्याच दिवसांत येतो आणि पाळी सुरू होताच ओसरतो. आणि दारू.

गुरुजी : आपल्या जिल्ह्यात दारूबंदी आहे.

समुपदेशक : कित्येक दशकांपासून आहे, गुरुजी, आणि हातभट्टी कुठे मिळते हे ज्याला हवे त्याला ठाऊक आहे. बंदीमुळे एक मात्र झाले, की 'माझा नवरा पितो' हे सांगणे घरच्या बायकांना अधिक अवघड गेले, म्हणून त्या 'त्याचा स्वभावच तसा' म्हणून सांगतात.

गुरुजी यावर गप्प बसत नाहीत. त्यांचा पुढचा आक्षेप संपूर्ण संवादातील सर्वांत वजनदार आहे. रोगाचे नाव कोणाला लवकर चिकटते, असे ते विचारतात. नवरा संतापला तर तापट, सासरा संतापला तर करडा, आणि सून संतापली तर 'डोक्याचा परिणाम'. लग्नाच्या बाजारात मनोविकाराचा नुसता संशय पुरतो, आणि हिंदू विवाह कायद्याच्या तेराव्या कलमात मानसिक विकार हे घटस्फोटाचे एक कारण म्हणून नमूद असल्याने दवाखान्याची चिठ्ठी उद्या न्यायालयात पुरावा होऊ शकते. समुपदेशक या आक्षेपाचे तथ्य नाकारत नाही. ती एवढेच जोडते, की त्याच कलमात विकार अशा प्रकारचा आणि एवढ्या तीव्रतेचा हवा, की जोडीदाराने सोबत राहावे ही अपेक्षाच अवाजवी ठरावी, अशी अट आहे, आणि नुसते रोगाचे नाव पुरेसे नाही असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली स्पष्ट केले आहे. गावात निकाल न्यायालयाच्या आधी लागतो, हे गुरुजींचे उत्तर. आणि ते खोडून काढण्यासारखे नाही.

समुपदेशक : नावाची भीती मान्य. मग नावाशिवायची एक परीक्षा सांगते. लहर कोणाकडे वाहते ते बघा. घरात ताट फेकणारा माणूस तलाठ्यासमोर, सोसायटीच्या सचिवासमोर, कापसाचा भाव पाडणाऱ्या व्यापाऱ्यासमोर कधी ताट फेकतो का? तिथे त्याला राग आवरता येत असेल आणि उंबरठ्याच्या आत येताच आवरत नसेल, तर ती लहर नव्हे, ती सत्ता आहे. आणि तिच्यासाठी दवाखान्यापेक्षा २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा अधिक कामाचा.

गुरुजी : या परीक्षेत दुर्वास मात्र उतरतात. त्यांनी दिलेली माळ ऐरावताने जमिनीवर टाकली तेव्हा त्यांनी प्रत्यक्ष इंद्राला शाप दिला, वर-खाली पाहिले नाही. आणि अंबरीषाच्या बाबतीत डाव उलटला, सुदर्शनचक्र मागे लागले, तेव्हा तिन्ही लोक फिरून शेवटी त्याच राजाच्या पायाशी आले. जो मोठ्यालाही शापतो आणि धाकट्यापुढेही वाकतो, तो खरा लहरी. तुझी परीक्षा चांगली आहे. तिने माझेच लहरी लोक वाचवले आणि ढोंगी बाहेर काढले.

समुपदेशक : सगळेच नाही. काही आजारी माणसे दिवसभर बाहेर कसेबसे सावरून राहतात आणि घरी येऊन कोसळतात, कारण कोसळायला तेवढीच जागा असते. म्हणून ही परीक्षा एकटी वापरू नये.

लहरी माणसाला मराठी वाङ्मयाने जे स्थान दिले आहे, तिकडे गुरुजी येथे वळतात. 'व्यक्ती आणि वल्ली'च्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला विक्षिप्तपणाचे कौतुक शिकवावे लागत नाही; मात्र ही व्यक्तिचित्रे बहुतेक पाहुण्याच्या खुर्चीतून काढलेली असतात, स्वयंपाकघरातून नव्हे. याला मोठा अपवाद म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', जी १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. लक्ष्मीबाईंचे बालपण सोवळ्याच्या अतिरेकाने पछाडलेल्या वडिलांच्या घरी गेले, जिथे घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन शुद्ध करावी लागे. आणि पुढे त्यांचा संसार झाला तो कवी नारायण वामन टिळकांशी, ज्यांचा संताप भडकून तितक्याच वेगाने विझे, जे न सांगता घर सोडून जात आणि हातातले दुसऱ्याला देऊन मोकळे होत. वडिलांचा जाच नेमाचा होता, नवऱ्याचा बिननेमाचा. गुरुजींच्या मते हा ग्रंथ म्हणजे त्यांच्या पक्षाचा सर्वांत मोठा पुरावा आहे, कारण त्यात बाईंनी नवऱ्याला रोगी ठरवले नाही, हसत हसत समजून घेतले आणि महाराष्ट्राने त्या दोघांवरही प्रेम केले.

समुपदेशक : त्या हसण्याची किंमत ग्रंथातच लिहिलेली आहे, गुरुजी. टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो बायकोला विश्वासात न घेता, आणि पुढची सुमारे पाच वर्षे ती माउली लहान मुलाला घेऊन वेगळी राहिली. मेलेल्या माणसाला आजाराचे नाव चिकटवणे हे आमच्या व्यवसायात गैर मानले जाते, म्हणून टिळकांविषयी एक शब्द बोलायचा नाही. पण लक्ष्मीबाईंकडे विनोद होता, लेखणी होती, हजरजबाबीपणा होता. ज्या बाईजवळ यातले काही नाही, तिने तिच्यासारखे हसावे ही अपेक्षा कुठून आणायची?

गुरुजी : आणि तिच्या हाती तुम्ही काय देणार? गोळ्या?

समुपदेशक : गरज असेल तिथे देऊ. जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने १९४९ साली लिथियमचा क्षार उन्मादावर गुणकारी ठरतो असे दाखवले. तो साधा, स्वस्त, खनिज पदार्थ आजही द्विध्रुवीय विकारात पुन्हा येणारे झटके रोखायला पहिल्या पसंतीचा आहे. पण तो सांभाळून द्यावा लागतो. औषधाची योग्य पातळी आणि विषारी पातळी यांत फार अंतर नसते, म्हणून वेळोवेळी रक्त तपासावे लागते. लिथियम मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, आणि शरीरातले पाणी नि मीठ घटले की मूत्रपिंड ते धरून ठेवते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, माणसे शेतात नांगरटीला असतात, घाम वाहतो, त्यात कोणी रक्तदाबासाठी मीठ तोडलेले असते आणि अंगदुखीसाठी दुकानातून आणलेली गोळी खाल्लेली असते. यातल्या काही वेदनाशामक गोळ्याही लिथियम वाढवतात. हात थरथरू लागले, जुलाब झाले, चाल डळमळली, तर हा उन्हाचा फटका आहे म्हणून घरी निजवून ठेवायचे नाही, ताबडतोब दवाखाना गाठायचा. हे समजावून सांगायला अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास मिळत नाही म्हणून गोळी बदनाम होते.

या अडचणीचे मोजमाप काही प्रमाणात झालेले आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५–१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात द्विध्रुवीय विकार सर्वेक्षणाच्या वेळी हजारी सुमारे तीन प्रौढांमध्ये आढळला आणि त्यांतील सुमारे सत्तर टक्के उपचाराबाहेर होते. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता. वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी येथे दोन वैद्यकीय महाविद्यालये असूनही केळझरसारख्या गावातून मनोविकार विभागापर्यंत पोचणे हा अंतराचा प्रश्न नसून ओळखीचा माणूस भेटेल या धास्तीचा आहे; त्यामुळे ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत दूरध्वनी सेवा अनेकांना अधिक सोयीची ठरावी.

समुपदेशक : पण गोळीच्याही आधी एक वही देते. तिच्यात रोज चारच गोष्टी लिहायच्या : किती वाजता झोप लागली, किती वाजता जाग आली, दिवसाचा रंग कसा होता, आणि त्या दिवशी काय घडले. सहा-आठ आठवड्यांत पुष्कळदा असे दिसते, की ज्याला सगळे घर 'नेम नसलेला' म्हणत होते त्याला नेम होता. कोणाचा तो रात्रीच्या ओलिताशी बांधलेला असतो, कारण वीज रात्री येते आणि झोप मोडते. कोणाचा पाळीच्या तारखेशी. कोणाचा कर्जाच्या हप्त्याशी. कोणाचा शनिवारच्या भट्टीशी. नेम सापडला की घरच्यांना निदान आधी आवाज ऐकू येतो. अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठात एलेन फ्रँक यांनी द्विध्रुवीय रुग्णांसाठी दिनचर्येचा ताल सांभाळणारी उपचारपद्धतीच उभी केली. उठणे, पहिले बोलणे, जेवण, काम आणि झोप यांच्या वेळा शक्य तितक्या एकसारख्या ठेवायच्या.

गुरुजी : ते सांगायला पिट्सबर्ग कशाला? १९३६ पासून सेवाग्रामला दिवस घंटेवर चालत आला. पहाटेची प्रार्थना, सूतकताई, जेवण, सगळे ठरल्या वेळी. गांधीजींभोवती जमलेल्या एकेक नमुनेदार माणसांना त्या घंटेनेच धरून ठेवले असेल.

समुपदेशक : असेल. पण ती घंटा त्या माणसांनी स्वतः स्वीकारली होती. वहीचेही तसेच आहे. ज्याचे मन, त्यानेच ती लिहावी. बायकोने चोरून लिहिली तर तो पंचनामा होतो.

गुरुजी : आणि तो लिहिणार नाही म्हणाला तर? चांगल्या रंगात असेल तेव्हा 'मला काय धाड भरली' म्हणेल आणि वाईट रंगात असेल तेव्हा वही चुलीत घालील.

समुपदेशक : चांगल्या रंगातल्या त्या माणसासाठीच २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात एक सोय आहे, जिला आगाऊ निर्देश म्हणता येईल. कोणाही प्रौढाला, शुद्धीत आणि समजुतीत असताना, लिहून ठेवता येते, की पुढे मन आजारी पडले तर उपचार कसे व्हावेत आणि कसे होऊ नयेत. आणि आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी कोण, हेही त्याला नेमता येते. तो बायको, भाऊ किंवा बापच असावा असे बंधन नाही.

गुरुजी : इथे मला तुझा कायदा कच्चा वाटतो. एका रंगातल्या माणसाने लिहायचे आणि दुसऱ्या रंगातल्या त्याच माणसाने ते पाळायचे. मग त्या दोघांतला खरा कोणता? कुंतीला मंत्र देणारे दुर्वास खरे, की मध्यरात्री अन्न मागणारे?

समुपदेशक : कायदा 'खरा कोण' असे विचारत नाही, 'लिहिताना समज होती का' एवढेच विचारतो. निर्देश केव्हाही बदलता किंवा रद्द करता येतो. आणि तो पाळल्याने अनर्थ होईल असे नातेवाइकाला किंवा डॉक्टरला वाटले तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता येते.

गुरुजींचे यावर समाधान झाले नाही. बदलता येणारा कागद हा लहरी माणसाच्या हाती आणखी एक लहर देतो, असे त्यांनी म्हटले. समुपदेशकाने उत्तर दिले, की बदलता येणार नसता तर त्यावर कोणी सहीच केली नसती. प्रतिनिधी म्हणून नवऱ्याऐवजी मैत्रिणीचे नाव लिहिणाऱ्या बाईला गावात काय ऐकावे लागेल, हा प्रश्न गुरुजींनी काढला तेव्हा मात्र दोघांचेही म्हणणे पहिल्यांदाच सारखे निघाले, आणि नमुन्याचा कोरा कागद गुरुजींनी वाचायला मागून घेतला.